काळ्या मृत्यूनंतर मजुरी वाढली, पण सगळीकडे नाही

विचारलेला प्रश्न दुहेरी आहे. चौदाव्या शतकातल्या प्लेगने, म्हणजे ‘काळ्या मृत्यू’ने, युरोपातली जवळपास निम्मी माणसे नेली, मजूर मिळेनासे झाले, त्यामुळे मजुरी वाढली, कुळांची वेठ संपली आणि त्यातून आधुनिक युरोप उभा राहिला, असे बहुतेक पाठ्यपुस्तके सांगतात. ते कितपत खरे? आणि हीच साथ त्या काळात भारतातही आली होती का? मध्ययुगाचा आर्थिक इतिहास शिकवताना हे दोन्ही प्रश्न मला वारंवार विचारले गेले आहेत. पहिल्याचे थोडक्यात उत्तर असे, की इंग्लंडपुरती ही मांडणी बऱ्याच अंशी टिकते, पण तीच साथ, तितक्याच मरणासह, इजिप्तमध्ये गेली तेव्हा तिथला शेतकरी अधिक खोलात रुतला. माणसे मेल्याने मागे उरलेल्यांची किंमत वाढते, पण ती वाढलेली किंमत त्यांच्या पदरात पडते की नाही, हे जमीन, पाणी आणि दंडसत्ता कोणाच्या हाती आहेत यावर ठरते.

प्लेग आला तेव्हा युरोपची प्रकृती मुळातच नाजूक होती. १३१५ ते १३१७ या वर्षांत सततच्या पावसाने पिके कुजली आणि उत्तर युरोपात मोठा दुष्काळ पडला. पाठोपाठ गुराढोरांची साथ आली आणि नांगराचे बैल गेले. इंग्लंडची लोकसंख्या साथीपूर्वी ४५ ते ६० लाखांच्या दरम्यान असावी, असे अंदाज आहेत. तेवढ्या माणसांना पुरेल इतकी जमीन नव्हती. गावात निम्म्याहून अधिक कुळांकडे पोट भरण्याइतकीही जमीन नसे आणि ती सुगीच्या मजुरीवर जगत. म्हणजे साथीच्या आदल्या दिवशी स्वस्त होते ते माणूस आणि महाग होती ती जमीन.

साथीचा उगम कुठे, यावर दीर्घकाळ केवळ तर्क चालत होते. आज किरगिझस्तानातल्या इसिक-कुल सरोवराजवळच्या दोन जुन्या ख्रिस्ती दफनभूमींकडे बोट दाखवता येते. तिथल्या ज्या ४६७ थडग्यांवर वर्ष कोरलेले आहे, त्यांतली ११८ एकट्या १३३८ आणि १३३९ या दोन वर्षांतली आहेत आणि काहींवर सिरियाक भाषेत मृत्यूचे कारण म्हणून साथीचा स्पष्ट उल्लेख आहे. या सांगाड्यांच्या दातांतून प्लेगच्या जंतूचा डीएनए मिळाल्याचे संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले. हे गाव व्यापाऱ्यांचे होते. तिथे मोती, पोवळी आणि दूरदेशीची नाणी सापडली आहेत. तिथून पुढची वाट रेशीममार्गाने काळ्या समुद्राकडे गेली. क्रिमियातल्या काफा या जिनोवाच्या वखारीला जानी बेगच्या मंगोल फौजेने १३४६ साली वेढा घातला होता आणि त्याने प्लेगची प्रेते यंत्राने तटावरून आत फेकली, ही कथा सर्वांना ठाऊक असते. ती लिहिणारा गॅब्रिएले दे मुस्सी पिआचेन्झाचा वकील होता आणि बहुधा तो त्या वेळी इटलीतच होता. प्रेते फेकली असतील वा नसतील, काफातून निघणाऱ्या धान्याच्या जहाजांत उंदीर होते, आणि साथ पसरायला तेवढे पुरेसे होते. ऑक्टोबर १३४७ मध्ये सिसिलीतले मेसिना, त्याच सुमारास अलेक्झांड्रिया, १३४८ च्या आरंभी व्हेनिस आणि मार्सेय, उन्हाळ्यात इंग्लंडचा दक्षिण किनारा, पुढल्या वर्षी नॉर्वे आणि १३५३ पर्यंत मॉस्को, असा तिचा प्रवास झाला.

हा आजार पसरतो कसा, हे शास्त्राला उमगले त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. प्लेगचा जंतू अलेक्झांडर यर्सिन याने १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईतले पहिले रुग्ण ओळखले, आणि १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ याने उंदराच्या अंगावरच्या पिसवा हा रोग पोहोचवतात असे दाखवले. त्यावर बराच काळ कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत आणि शहरातल्या लागण झालेल्या घरांत प्लेग आयोगाने केलेल्या प्रयोगांनी ही शंका संपवली. पिंजऱ्यात ठेवलेले गिनीपिग जमिनीलगत असले की मरत, पण पिंजरा दोन फूट उंच टांगला की वाचत, कारण पिसूची उडी तिथवर पोहोचत नाही. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागद पसरला, तेव्हा त्या प्राण्यांनाही लागण झाली नाही आणि कागदावर पिसवा चिकटलेल्या सापडल्या. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या बांधायच्या, हे आपल्या आजी-पणजीच्या पिढीला कोणत्याही आयोगाशिवाय कळले होते. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग दिसला, तेव्हाही आधी उंदीरच पडले होते.

मुंबईच्या या ज्ञानाने मध्ययुगाच्या अभ्यासकांना जशी दिशा दिली तसा घोळही घातला. मुंबईत साथ फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शिगेला पोहोचे आणि कडक उन्हाळ्यात ओसरे, तर युरोपात १३४८ चा उन्हाळा आणि शरद हाच मरणाचा काळ होता. मुंबईतली साथ एका पेठेतून दुसरीत जायला आठवडे घेई, तर मध्ययुगात ती तुरळक वस्तीच्या डोंगराळ मुलखातूनही वेगाने सरकली. शिवाय युरोपीय बखरकार मेलेल्या उंदरांबद्दल जवळपास गप्प आहेत. या विसंगतीवरून काही अभ्यासकांनी तो प्लेग नव्हताच, दुसराच कुठला तरी विषाणूजन्य ताप होता, असे मांडले. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड इथल्या १३४८-४९ च्या दफनभूमीतून जंतूचा संपूर्ण जनुकसंच २०११ साली वाचला गेला आणि तो वाद मिटला. जंतू तोच होता. वेगाचे कोडे मात्र अजून पूर्ण सुटलेले नाही. माणसाच्या अंगावरच्या पिसवा आणि उवा यांनीही साथ वाहिली असावी, हे मत मला पटण्याजोगे वाटते, आणि फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून थेट पसरतो हेही लक्षात घ्यावे लागते. अविन्यों इथे पोपचा वैद्य असलेल्या गी द शोलियाकने १३४८ च्या साथीतले दोन प्रकार वेगळे नोंदवले होते: एकात ताप येऊन रक्त पडते आणि तीन दिवसांत माणूस जातो, दुसऱ्यात काखेत व जांघेत गाठी येतात आणि पाच दिवस लागतात.

किती माणसे गेली, याचे आकडे बखरींतून घेऊ नयेत. बखरकार भेदरलेले असतात. खरी मोजणी मिळते ती कंटाळवाण्या हिशेबांतून. इंग्लंडमधल्या जहागिरीत कूळ मेले की त्याच्या गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर जहागीरदाराने न्यायचे, असा रिवाज होता, आणि जहागिरीच्या कचेरीत त्याची नोंद होई. अमका वारला, तांबडी गाय घेतली. तमका वारला, जनावर नाही. एरवी एका बैठकीत अशा दोन-चार नोंदी असत. १३४९ च्या उन्हाळ्यात सफोक परगण्यातल्या वॉल्शॅम गावच्या एका बैठकीत शंभराहून अधिक मयत कुळांची नावे आहेत. कुठे कुठे बापाची नोंद, लगेच खाली वारस म्हणून मुलाची, आणि पुढच्याच बैठकीत त्याचीही. जनावरे इतकी झाली की त्यांना गिऱ्हाईक उरले नाही. लेस्टरचा बखरकार हेन्री नाइटन लिहितो, की ४० शिलिंगांचा घोडा ६ शिलिंग ८ पेन्सला मिळू लागला आणि गाय १२ पेन्सला.

दुसरा भरवशाचा स्रोत म्हणजे बिशपांच्या नोंदवह्या. पाद्री मेला की त्या जागी नवा नेमावा लागे आणि नेमणुकीची तारीख लिहिली जाई. त्यांवरून अनेक भागांत ४० टक्क्यांच्या आसपास पाद्री गेले असे दिसते. बाथ व वेल्सचा बिशप राल्फ याने जानेवारी १३४९ मध्ये काढलेले पत्र यातला माझ्या मते सर्वांत बोलका कागद आहे: मरणाऱ्याला पाद्री मिळत नसेल तर त्याने कोणाही सामान्य माणसापुढे पापनिवेदन करावे, आणि पुरुष नसेल तर स्त्रीपुढेही चालेल. त्या काळच्या धर्मसंस्थेने एवढी मोकळीक द्यावी, यावरून गावागावांत काय स्थिती असेल ते कळते.

सगळ्या युरोपात मिळून ३० ते ५० टक्के माणसे दगावली, असे बहुतेक अभ्यासक धरतात. काहींचा अंदाज याहून वर जातो. पण ही सरासरी आहे, आणि सरासरी फसवते. सरोवरे आणि दलदलींच्या तळाशी साचलेल्या जुन्या परागकणांवरून कुठे शेती पडीक झाली आणि कुठे चालू राहिली, हे १९ देशांतल्या २६१ ठिकाणी तपासले गेले. इटली, फ्रान्स, स्कँडिनेव्हिया इथे शेतीची जागा झुडपांनी घेतल्याच्या खुणा आहेत, तर पोलंड आणि बाल्टिक भागात त्याच वर्षांत शेतीचा विस्तार चालूच होता. साथ सगळीकडे सारखी बसली नव्हती.

साथीच्या वर्षांत लोकांनी काय केले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सिएनाच्या आन्योलो दी तुराने आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरल्याचे लिहून ठेवले आहे, आणि त्याच शहरात कॅथीड्रलचा भव्य विस्तार अर्धवट राहिला, तो आजही तसाच उभा आहे. पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने ऑक्टोबर १३४८ मध्ये राजाला अहवाल दिला, की मार्च १३४५ मध्ये शनी, गुरू आणि मंगळ कुंभ राशीत एकत्र आल्याने हवा दूषित झाली. याच्या नेमके उलट ग्रॅनाडाचा वजीर आणि वैद्य इब्न अल-खातिब याने रोग संसर्गाने पसरतो हे उघड मांडले. रोग्याचे कपडे, भांडी, कानातली बाळी यांतून तो दुसऱ्याला लागतो आणि जो कोणाच्या संपर्कात येत नाही तो वाचतो, हे अनुभवाने सिद्ध असताना धर्मवचनाचा अर्थ त्याला धरून लावावा, असे त्याचे म्हणणे होते. ग्रह-नक्षत्रे मानणाऱ्यांना आज हसणे सोपे आहे. पण ते त्या काळचे सर्वोत्तम शिक्षण घेतलेले लोक होते, हे विसरू नये.

स्ट्रासबुर्गची हकीकत मात्र जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण तिच्याकडे नुसती अंधश्रद्धा म्हणून पाहिले जाते. यहुद्यांनी विहिरींत विष घातल्याची अफवा १३४८ पासून पसरली होती, आणि जिनिव्हा सरोवराकाठच्या चिलॉन किल्ल्यात छळ करून तसे कबुलीजबाबही घेतले गेले होते. पोप क्लेमेंट सहावा याने आज्ञापत्र काढून विचारले, की यहुदी स्वतःही याच रोगाने मरत आहेत आणि जिथे यहुदी नाहीत तिथेही साथ आहे, मग हा आरोप टिकतो कसा? स्ट्रासबुर्गच्या नगरसभेनेही आरंभी यहुद्यांना संरक्षण दिले. तेव्हा कारागिरांच्या संघांनी ती सभाच उलथवली, नवी बसवली, आणि १४ फेब्रुवारी १३४९ रोजी शहरातल्या यहुद्यांना जाळण्यात आले. त्या दिवशी स्ट्रासबुर्गमध्ये प्लेग पोहोचलाही नव्हता. त्यांच्याकडची गहाणखते आणि कर्जरोखे ऋणकोंना परत दिले गेले, रोकड वाटून घेतली गेली. त्या शहराच्या बखरकारानेच लिहिले आहे, की यहुद्यांचा जीव घेतला तो पैशाने.

आता मजुरीकडे येऊ. इंग्लंडमध्ये साथ ओसरण्याचीही वाट न पाहता राजा तिसरा एडवर्ड याने जून १३४९ मध्ये हुकूम काढला आणि १३५१ मध्ये पार्लमेंटने त्याचा कायदा केला. त्याचा मथितार्थ असा, की साथीपूर्वी १३४६ च्या सुमारास जी मजुरी होती तीच घ्यायची, आणि काम सांगितले तर नाकारायचे नाही. कायद्याचा मजकूर वाचला की मालकवर्गाची घालमेल दिसते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कापणीला दिवसाला दोन पेन्स, दुसऱ्या आठवड्यात तीन. एक क्वार्टर (धान्याचे तेव्हाचे माप) गव्हाची मळणी अडीच पेन्सला. मजुराने अवजार हातात दिसेल असे धरून बाजाराच्या गावी उघड्यावर उभे राहायचे, म्हणजे चोरून जास्तीची बोली होणार नाही. वर्षातून दोनदा शपथ घ्यायची, आणि न घेणाऱ्यासाठी प्रत्येक गावात खोडा ठेवायचा. दंडाचा पैसा त्या गावाच्या सरकारी करात वळता करण्याची सोयही केली गेली, म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याला पकडून देण्यात सगळ्या गावाचा फायदा. १३६३ साली तर नांगऱ्याने, गाडीवानाने कोणते जाडेभरडे कापड वापरावे याचाही कायदा झाला. तो लवकरच रद्द करावा लागला.

हा कायदा फसला, पण लोक समजतात तसा लगेच नाही. १३५० आणि १३६० च्या दशकांत धान्य महाग होते, त्यामुळे हातात पैसे जास्त आले तरी त्यात भाकरी तेवढीच येत असे. १३७० च्या दशकाच्या मध्यानंतर धान्याचे भाव उतरले आणि मजुरी मात्र चढीच राहिली, तेव्हा कुठे मजुराच्या ताटात पांढरा पाव, बिअर आणि मांस नियमित दिसू लागले. म्हणजे पहिल्या साथीनंतर जवळपास एक पिढी गेली. मधल्या काळात १३६१ ची दुसरी साथ आली, जिने लहान मुले फार नेली, आणि मग १३६९ ची. लोकसंख्या सावरू न देणाऱ्या या पुन्हापुन्हाच्या साथी पहिल्या तडाख्याइतक्याच निर्णायक आहेत, असे माझे मत आहे. एकदाच साथ येऊन गेली असती तर दोन पिढ्यांत युरोप पुन्हा भरला असता. १३७७ च्या डोईपट्टीवरून इंग्लंडची लोकसंख्या २५ ते २८ लाखांच्या आसपास निघते, आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे ती फारशी हलली नाही.

मालकांचा कायदा फसण्याचे कारण असे, की ते एकजूट टिकवू शकले नाहीत. प्रत्येक जहागीरदाराला शेजाऱ्याने कायदा पाळावा आणि आपण मात्र गुपचूप जास्त मजुरी, जेवण किंवा जमिनीचा तुकडा देऊन माणसे ओढावीत, असे वाटे. पळालेले कूळ शेजारच्या जहागिरीत गेले की तिथे त्याचे स्वागत होई. १३८१ च्या जूनमध्ये, माणशी एक शिलिंगाच्या डोईपट्टीवरून, केंट आणि एसेक्सचे लोक वॉट टायलरच्या पुढारीपणाखाली लंडनवर चालून गेले आणि वाटेत त्यांनी जहागिऱ्यांचे दप्तर शोधून शोधून जाळले. बंड मोडले, टायलर मारला गेला. पण वेठ पुढच्या शतकात हळूहळू खंडात बदलत गेली. जहागीरदारांनी स्वतःची शेती खंडाने दिली आणि पुष्कळांनी कमी माणसांत भागणारी मेंढपाळी धरली.

इजिप्तमध्ये हेच गणित उलटे पडले. तिथली शेती नाईलच्या पुरावर आणि पूर अडवणाऱ्या-सोडणाऱ्या बांधांवर उभी होती. बांध दरवर्षी दुरुस्त करावे लागत आणि त्यासाठी हजारो हात लागत. मामलूक अमीर, म्हणजे तिथले सत्ताधारी लष्करी सरदार, कैरोत राहत. त्यांना लावून दिलेला महसूल वंशपरंपरागत नव्हता, आज हे गाव तर उद्या दुसरे, त्यामुळे गावाच्या बांधाची फिकीर करण्याचे त्यांना कारणच नव्हते. निम्मी माणसे गेल्यावर त्यांनी उरलेल्यांवर पूर्वीइतकाच महसूल बसवला आणि तो वसूल करण्यात ते इंग्लंडच्या जहागीरदारांप्रमाणे आपापसांत फुटले नाहीत. शेतकरी पळाले, बांध खचले, पाणी नको तिथे साचले आणि हवे तिथे पोहोचले नाही. जमीन स्वस्त झाली, पण पाण्याविना ती घेऊन करायचे काय? पूर्व युरोपातही पुढल्या दोन शतकांत जहागीरदारांनी पश्चिमेला धान्य विकण्यासाठी कुळांना जमिनीला अधिक घट्ट बांधले. तिथे मजुरांची चणचण हेच वेठ वाढवण्याचे कारण ठरले. पाठ्यपुस्तकातला नियम खरा असता तर हे घडायला नको होते.

साथीचा एक परिणाम मात्र जवळपास निर्विवाद आहे. रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या बंदराच्या सभेने जुलै १३७७ मध्ये ठरवले, की साथीच्या मुलखातून येणाऱ्याने शहरात येण्याआधी एक महिना बाहेर राहावे. व्हेनिसने १४२३ साली एका बेटावर कायमचे प्लेग रुग्णालय उभारले. रोगाचे कारण माहीत नसताना, वैद्यांनी नव्हे तर व्यापारी सभासदांनी घेतलेले हे निर्णय आहेत, आणि बंदर बंद न ठेवता धंदा चालू ठेवणे हा त्यांचा हेतू होता.

राहिला भारताचा प्रश्न. युरोपीय बखरींत पूर्वेकडे साप-बेडकांचा पाऊस पडून साथ सुरू झाली, अशा वावड्या आहेत, आणि त्यांत भारताचेही नाव येते. त्याला पुरावा म्हणत नाहीत. दुसरा आधार दिला जातो तो १३३५ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाच्या फौजेत वरंगळजवळ पसरलेल्या साथीचा. सुलतान स्वतः आजारी पडून मागे फिरला. याच परतीच्या वाटेवर बीडजवळ त्याचा दुखरा दात पडला आणि त्या दातावरही त्याने कबर बांधवली. फौजेतल्या साथीचे किंवा दहाएक वर्षांनी मदुराईत पाहिलेल्या साथीचे जे वर्णन प्रवासी इब्न बतूताने केले आहे, त्यात गाठींचा उल्लेख नाही. छावणीत कॉलरा, हगवण, हिवताप यांनीही माणसे पटापट मरत. हाच प्रवासी १३४८ साली दमास्कसमध्ये होता, तिथला प्लेग आणि सर्व धर्मीयांची सामुदायिक प्रार्थना त्याने डोळ्यांनी पाहिली. पण भारतात आपण हेच पाहिले होते, असे तो म्हणत नाही. १३४७ च्या ऑगस्टमध्ये दौलताबादेत बहमनी राज्याची स्थापना झाली, म्हणजे मेसिनाला जहाजे लागण्याच्या दोन महिने आधी. त्या काळच्या दख्खनच्या इतिहासात बंडे, वेढे, दुष्काळ सापडतात, निम्मा मुलूख ओस पाडणारी साथ सापडत नाही.

खऱ्या प्लेगचे भारतीय वर्णन कसे असते, हे पाहायचे तर जहांगीर बादशहाच्या आठवणींकडे जावे लागते. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पंजाबातून आग्र्यापर्यंत पसरलेल्या साथीबद्दल तो काखेत, जांघेत किंवा गळ्याखाली गाठ येते असे लिहितो, आणि आसफखानाच्या मुलीने सांगितलेला प्रसंग देतो: अंगणात एक उंदीर झिंगल्यासारखा पडत-उठत होता, दासीने शेपटीला धरून तो मांजरापुढे टाकला, मांजराने पकडून लगेच सोडला आणि ते आजारी पडून मरणाच्या दारी पोहोचले, पण सावरले, मग त्या दासीला गाठ आली, आणि आठ-नऊ दिवसांत त्या घरातली सतरा माणसे गेली. उंदीर, गाठ आणि एकाच घरातले मरण या तिन्ही गोष्टी इथे एकत्र आहेत. चौदाव्या शतकातल्या कोणत्याही भारतीय नोंदीत त्या तशा आढळलेल्या नाहीत, म्हणून काळा मृत्यू भारतात आला होता, असे म्हणण्यास आज आधार नाही.